प्रोसेसर आणि पापलेटांचा बर्फ

मानवी प्रगतीचा इतिहास म्हणजे मर्यादा ओलांडण्याचा इतिहास. त्यातलं एक पान नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बोईसरजवळ सरावलीतल्या आमच्या दोन खोल्यांत, लुंगी नेसून आणि हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन लिहिलं गेलं.

माझा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, म्हणजे तीन वर्षांचा. प्रोसेसर एकशे तेहेतीस मेगाहर्ट्‌झचा. औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी केमिस्ट होतो, तिथल्या साहेबांनी नवा, वेगवान कॉम्प्युटर घरी आणला, सत्यनारायण घातला आणि मॉनिटरला हार घालून सगळ्यांना प्रसादाला बोलावलं. यंत्र सुरू कसं करायचं हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे पूजा निर्विघ्न पार पडली.

परतताना मी आपल्याही घरी नवा आणायचा विषय काढला.

"आता घरात येईल तो फ्रिज," बायको म्हणाली. ती सातपाटीच्या कोळ्यांची. आदल्या दिवशीचा मासा तिला माणुसकीला सोडून वाटे. "तुमाला त्यातलं कळतं तरी का? आधी जुना पळवून दाखवा. पळाला तर नवा आणा. नाय पळाला तर फ्रिज."

जुना पळाला तर नवा कशाला, हा प्रश्न मला सुचला होता. मी तो विचारला नाही.

प्रोसेसरने किती धावायचं हे मदरबोर्डवरचे जंपर ठरवतात. जंपर म्हणजे तांदळाएवढ्या प्लास्टिकच्या टोप्या. त्या चिमट्याने हलवून मी त्याला दीडशेवर नेला; ठरवून दिलेल्यापेक्षा असं जास्त पळवण्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. चालला. एकशे सहासष्टवर मात्र पडद्यावर चित्र उमटलं आणि तिथेच थिजलं. मेमरीवर संशय घेऊन तिच्या कडा खोडरबरने घासल्या. तसंच. व्होल्टेज एक पायरी वाढवलं, तर थोडा जास्त वेळ चालून थिजला आणि बोट लावता येईना इतका तापला. गार झाला की पुन्हा चाले. म्हणजे गुन्हेगार उष्णता. टेबल फॅन लावला, पण मे महिन्यात बोईसरचा वारा स्वतःच ओव्हरक्लॉक झालेला असतो.

अशात रविवारी मेहुणा थर्माकोलच्या पेटीत बर्फातली पापलेटं घेऊन आला.

"भावजी, याचं पोट कशाला फाडलंय?"

"तापतो फार."

"मग बर्फ द्या की! आमी बोटीवर काय करतो? मासा वर आला की पयला बर्फ."

रसायनशास्त्राच्या पदवीने मला इथे दवबिंदूची, म्हणजे गार वस्तूवर हवेतलं पाणी जमतं याची, आठवण करून द्यायला हवी होती. ती गप्प राहिली.

दुधाच्या रिकाम्या पिशवीत बर्फ भरून, रबर लावून आम्ही ती प्रोसेसरवरचा पंखा काढून त्याखालच्या धातूच्या पट्ट्यांवर ठेवली. एकशे सहासष्ट! चित्र हललं, बाण पळू लागला. मी बायकोला हाक मारली. तिने हात पुसत दारातून पाहिलं.

"चाललाय खरा," ती नाराजीने म्हणाली.

"ताई, नवा आला समज," मेहुणा म्हणाला.

बर्फ वितळला की पेटीतून दुसरा. दुपारभर असं चाललं. पेटी नुसती देतेय, तिला कोणी काही देत नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. शेवटी पिशवीला बाहेरून सुटलेल्या घामाचा एक थेंब ओघळून बोर्डावर पडला. चट्. पडदा काळा. मी धावत प्लग ओढला.

तेवढ्यात स्वयंपाकघरात पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"इकडं या दोघं! बर्फ कुठं हाय?"

कोमट पाण्यात पापलेटं तरंगत होती. तिने एकाचा कल्ला उचलून वास घेतला आणि भावाकडे पाहिलं. "कोळ्याचा ना रे तू?"

मेहुण्याला एकदम पालघरची एसटी आठवली.

कॉम्प्युटर दोन दिवस पंख्याखाली वाळवला. जंपर मूळ जागी लावल्यावर तो एकशे तेहेतीसवर निमूट सुरू झाला. पैज मी हरलो होतो.

फ्रिज त्याच आठवड्यात आला. तो अजून कंपनीने ठरवून दिलेल्या वेगानेच चालतो. त्याच्या मागे जंपर नाहीत; मी पाहिलं आहे.