बिनमिठाचं

आमच्या ब्रूनोसाठी मी रोज चिकन उकडते आणि त्यात भात, लाल भोपळा कालवते. मीठ नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. बोट बुडवून फार गरम नाही ना ते बघते आणि त्याचा वाडगा रिकामा होईपर्यंत समोर फतकल मारून बसते. त्यानं तोंड फिरवलं, की माझा जीव खालीवर होतो. भोपळ्याचा कंटाळा आला असेल, म्हणून आज गाजर घातलं.

बाबांचं जेवणही रक्तदाबामुळे वर्षभर बिनमिठाचंच आहे. त्यांचं ताट टेबलावर ठेवून "जेवून घ्या हं" म्हणते, की झालं. ब्रूनोसमोर बसते तेव्हा माझी पाठ त्यांच्याकडेच असते, हे आजवर लक्षातही आलं नव्हतं.

आज मागून बाबांचा खूश आवाज आला, "सगळं संपवलं बघ त्यानं! गाजर आवडलं."

मी वळले. त्यांच्या ताटात दुधीची भाजी तशीच होती. दुधी कालही होता, परवाही.

"बाबा, तुम्ही?"

"जेवेन गं. तू आधी त्याला फिरवून आण."