न उचलता येणारा दगड

तीस वर्षं मी सोलापुरातल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं आणि दरवर्षी पहिल्या तासाला एकच प्रश्न टाकला. देव सर्वशक्तिमान असेल, तर त्याला स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड तो घडवू शकेल का? हो म्हणा की नाही म्हणा, देव अडकलाच. पोरं गोंधळली की मला भारी मजा यायची. घरी बायको ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या तसबिरीपुढे दिवा लावायची, तिलाही मी सोडलं नाही. ती म्हणायची, "आधी चहा घ्या, दगडाचं मग बघू."

दोन वर्षांपूर्वी तिची उजवी बाजू लुळी पडली आणि त्या प्रश्नातली गंमतच गेली. जिने जन्मभर हात जोडले, तिचाच एक हात गेला. देवाला हे थांबवता आलं नाही, की थांबवायचंच नव्हतं? पहिलं असेल तर तो दुबळा, दुसरं असेल तर निष्ठुर. पूर्वी हे मी फळ्यावर लिहायचो, आता तिला घास भरवताना मनात यायचं आणि जीव जळायचा. त्या रागात मी कुणाचीच मदत घेतली नाही. मुलगी पुण्याहून फोन करून कामाला बाई ठेवा म्हणायची, जुळे सोलापूर भागातले आमचे शेजारी येऊन विचारायचे. सगळ्यांना माझं उत्तर ठरलेलं होतं, "मी आहे ना."

मग एका सकाळी ती बाथरूमच्या दारात घसरली. मी काखेत हात घालून ओढलं, ती कळवळली. पुन्हा ओढलं. सत्तरीतल्या मला ती वीतभरही हलेना. फरशी गार होती, ती थरथरत होती आणि मला माझाच दगड आठवला. मी तिच्याशेजारी बसून रडलो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "सिद्धेश्वरा, माझ्याच्यानं होत नाही."

तेवढ्यात बेल वाजली. दारात पाण्याचे जार पोचवणारा, भवानी पेठेतला मल्लिनाथ उभा होता. त्याचा यायचा वार दुसऱ्या दिवशीचा. त्या दिवशीच कसा आला, ते मी अजून विचारलेलं नाही.

मी त्याला आत नेलं आणि पुन्हा तिच्या काखेत हात घातला. "सर, ओढू नका. अक्कांचा खांदा निखळंल की," म्हणत तो पुढे आला. त्याने टॉवेलची घडी करून तिच्या कमरेभोवती घट्ट गुंडाळली. "तुमी तिकडनं धरा. भार कमरंवर घ्या, हाताची ताकद लई येळ टिकत न्हाय." दोघांनी एकदम उचललं आणि ती खुर्चीत बसलीसुद्धा.

चहा घेताना कळलं, तो सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची काठी पेलतो. भलीमोठी उभी काठी, तिचा सगळा भार एकाच्या कमरेवर आणि भोवती सांभाळणारी माणसं. माझी खोड कुठे जाणार? मी विचारलं, "देवाला सगळं जमतं, तर त्याची काठी तुम्ही का उचलता?"

त्याने कप खाली ठेवला. "त्याला येत असंल की उचलता. पण त्यानंच उचलली तर आमी एकमेकाजवळ कशाला जावं, सर? आन् एकट्याचं ते काम न्हाय. दमलो म्हणलं की दुसरा धरतो. दमलो न्हाय म्हणणाऱ्याच्याच हातनं काठी कलती."

बायको माझ्याकडे बघून हसली. दोन वर्षांनी ती अशी हसत होती.

या उत्तराने माझा प्रश्न सुटत नाही. परीक्षेत मी त्याला जेमतेम पास केलं असतं. पण दोन वर्षं ज्या सर्वशक्तिमानाशी मी भांडत होतो, तो माझ्याच घरात "मी आहे ना" म्हणत हिंडत होता, हे मला या माणसाने दाखवलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. आता सकाळी शेजारच्या वहिनी येतात, दुपारी एक बाई येते. दमलो की मी दमलो म्हणतो.

संक्रांतीच्या दिवसांत आम्ही तिला चाकांच्या खुर्चीतून यात्रेला नेलं. काठी समोर आली. पांढऱ्या बाराबंदीतला मल्लिनाथ घामाने निथळत होता. त्याने मान हलवली, दुसरा पुढे झाला, काठी डुलली आणि सरळ राहिली. बायकोने डावा हात छातीशी नेला आणि तो तसाच एकटा उभा राहिला. मी वाकून माझा उजवा हात त्याला जोडला.