स्पंजाचं औषध आणि दादाचं पोवळं

“मॅडम, ल्युकेमिया आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, “अक्यूट की क्रॉनिक? मायलॉइड की लिम्फॉइड?”

डॉक्टरांनी मान वर केली. “आपण डॉक्टर आहात?”

“नाही. डॉक्टर होणाऱ्यांना शिकवते. लातूरला, क्लासमध्ये. झूलॉजी.”

शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. हे पाटबंधारे खात्यात आहेत, तेव्हा बदली नांदेडला होती आणि मी क्लासमुळे लातूरला. त्यांना यातला एकही शब्द कळला नव्हता, माझा चेहरा मात्र कळत होता. मला सगळे शब्द कळत होते आणि काहीच कळत नव्हतं.

उत्तर होतं, अक्यूट मायलॉइड. आपल्या हाडांच्या पोकळीत बोन मॅरो असतो, म्हणजे मगज. रक्त तिथे तयार होतं. या आजारात तिथे कच्च्या पेशींचं तण माजतं आणि चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. त्या कच्च्या पेशींना ब्लास्ट म्हणतात. अक्यूट म्हणजे घाईचं दुखणं. ते थांबत नाही आणि तुम्हालाही थांबू देत नाही.

खुणा आधीपासून होत्या. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं. बाकाचा कोपरा लागला की मांडीवर जांभळा डाग उठायचा आणि जाता जात नसे. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत जीव कंठाशी यायचा. पण लातुरात कुणी थकलं तर त्याचं नवल कुणाला? पहाटेच्या बॅचची मुलं थकलेली, त्यांना डबे पुरवणाऱ्या मावश्या थकलेल्या, मास्तर थकलेले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, मी त्या पर्समध्ये टाकून विसरले. असे डाग कुणाला दिसत असतील तर सांगते, साधी रक्ताची तपासणी करून घ्या. त्याला सीबीसी म्हणतात. बोटभर रक्तात पुष्कळ काही कळतं.

मला नांदेडच्याच खाजगी दवाखान्यात दाखल केलं. रक्ताचे डॉक्टर हैदराबादहून आठवड्यातून दोनदा यायचे. बोन मॅरोची तपासणी म्हणजे कमरेच्या हाडात सुई घालून मगज ओढून घेणं. जागा बधिर करतात, सुईचं फारसं दुखत नाही. ओढताना मात्र आतून कुणी तरी आपल्यालाच शोषून घेतंय असं वाटतं. मी ओरडले. ओरडायला लाजू नका.

पहिल्या फेरीला इंडक्शन म्हणतात. तण मुळापासून उपटायचं. आठवडाभर चोवीस तास एक बिनरंगाचं, पाण्यासारखं औषध थेंब थेंब शिरेत जात होतं, सायटाराबिन नावाचं. त्यातले तीन दिवस दुसरं एक लाल औषधही. लाल औषधाने लघवी लाल होते, घाबरू नका. मी घाबरले होते, कारण कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

औषधाने तण जळतं तसं पीकही जळतं. पांढऱ्या पेशी शून्याजवळ येतात, त्याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. मग साधी सर्दीही जिवावर बेतू शकते. म्हणून मला एकटीला बंद खोलीत ठेवलं. तोंडाला मास्क लावल्याशिवाय कुणी आत यायचं नाही, ताजी फळं नाहीत, फुलं नाहीत, आणि दार सतत लावलेलं.

आजाराचं एक वेळ सोसवलं, ते दार सोसवेना. भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होते, लातूरला खोली घेऊन राहत होते. त्यानंतर कित्येक महिने आम्ही उघड्यावर झोपलो. घरात परत गेलो तरी मी कधी आतून कडी लावून झोपले नाही. लग्नानंतर ह्यांनाही ती सवय लावली. आमच्या पिढीतल्या पुष्कळांचं असंच आहे, आम्ही दाराकडे पाय करून झोपतो. इथे दार लोटलेलं, खिडकी सील केलेली, आणि हाताला नळी. मी सलाईनचा स्टँड ढकलत पलंगापासून दारापर्यंत आणि दारापासून पलंगापर्यंत चालत राहायचे. यंत्र पीं पीं करायचं, सिस्टर यायच्या, मी बसायचे, त्या गेल्या की पुन्हा उठायचे.

“काहून हिंडून राहिल्या मॅडम? पडसाल ना!” सिस्टर म्हणायच्या. माहूरच्या होत्या, बोलणं फटकळ, हात हलका.

“बसवत नाही हो.”

“मग इथंच उभ्या राहा, म्या वेणी घालते.” वेणी घालता घालता केस त्यांच्या हातात आले. त्यांनी ते मला न दाखवता एप्रनच्या खिशात टाकले. मी पाहिलं होतं.

ताप आला, उतरला, परत आला. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या चकत्या, इतक्या उतरल्या की नाकातून रक्त थांबेना. तेव्हा नांदेडच्या मेडिकलला शिकणारी माझी जुनी मुलं एकेक करून प्लेटलेट्स द्यायला रक्तपेढीत जाऊन पडली. एकजण काचेबाहेरून ओरडला, “मॅडम, आता तरी आमचे मार्क वाढवा!” मी इतकी हसले की परत नाक वाहू लागलं.

महिन्याभराने पुन्हा सुई, पुन्हा मगज. डॉक्टर हसत आले. “ब्लास्ट दिसत नाहीत. रेमिशन आहे.”

रेमिशन म्हणजे आजार दिसेनासा होणं. लक्षात घ्या, दिसेनासा. डॉक्टरांनी तेही सांगितलं. अजून तीन फेऱ्या, त्यांना कन्सॉलिडेशन म्हणतात, तेच सायटाराबिन पण कितीतरी मोठ्या मात्रेत. “ह्या घेतल्या नाहीत तर हा आजार बहुतेक परत येतो, आणि परत आलेला ऐकत नाही. पंधरा दिवस घरी जा, ताकद भरा, या.”

मी मान डोलावली. ऐकलं मात्र एकच वाक्य: ब्लास्ट दिसत नाहीत.

आमच्या लातूरच्या हवेतच हे आहे. निकाल लागला, नाव यादीत आलं, की पुस्तकं रद्दीत. नापास झालेला परत बसतो, पास झालेला कशाला बसेल? दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. पण ते बंद दार आठवलं की नांदेडचं नाव नको वाटायचं. मी डोक्याला ओढणी गुंडाळून लातूरला परतले आणि चौथ्या दिवशी वर्गात उभी राहिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नांदेडला जायचा दिवस आला आणि गेला. हे रोज फोन करायचे. मी म्हणायचे, बॅचची परीक्षा होऊ द्या. एकदा ते परीक्षेची तारीख विचारायला लागले. मी फोन ठेवला.

त्याच आठवड्यात लातूरजवळच्या मुरुडहून दादा आला. माझा थोरला भाऊ, मुरुडला बी-बियाण्यांचं दुकान आहे. भूकंपाच्या पहाटे गाड्या मिळेनात तेव्हा हाती लागली ती सायकल घेऊन तो मुरुडहून लातूरला आला होता, मला शोधत. दुपारी मी त्याला रस्त्यावर दिसले तर त्याने आधी एक थोबाडीत दिली आणि मग रडला. तेव्हापासून दादाने सांगितलं की ते खरं, हे माझ्या अंगात मुरलेलं.

दादाने पिशवीतून पुड्या काढल्या. गुलाबीसर भुकटी.

“पोवळ्याची हाय. प्रवाळ. असली आनलीय, सोलापूरहून. दुधातनं घ्यायची, सकाळ-संध्याकाळ.”

“दादा, हे कुणी सांगितलं तुला?”

“कुणी म्हंजे? तूच तं. माझ्या पोरीच्या बारशाला सगळ्यांम्होरं बोलली व्हतीस का न्हाई? समुद्रातल्या पोवळ्यात क्यान्सर मारायचं औषध घावलंय म्हून. बाकीच्यांचं न्हाई मला ठावं, म्या तवाच ध्यानात ठिवलं. बहीण झूलॉजीची हाय माझी.”

मी बोलले होते खरी. ती माझी दरवर्षीची ओळ आहे. सीलेंटेराटा शिकवताना, जेलीफिश आणि पोवळ्यांचा गट, मुलं पेंगायला लागली की मी म्हणायचे, “सॉफ्ट कोरल, मऊ पोवळी, यांच्यात कॅन्सरविरोधी द्रव्यं सापडली आहेत.” मुलं जागी व्हायची आणि मी पुढच्या गटाकडे वळायचे. त्यापुढचं मला विचारलं असतं तर फारसं सांगता आलं नसतं.

मी भुकटी घ्यायला लागले. विश्वास होता म्हणून का? नाही. नांदेडला न जाताही काहीतरी करत असल्याचं समाधान हवं होतं. हातात वाटी धरली की निदान हात रिकामे नसायचे. दादा मुक्कामाला राहिला, दूध तोच तापवायचा.

पण स्वस्थता काही येईना. अखेर मी वैशालीला फोन लावला. माझी जुनी विद्यार्थिनी, मेडिकल हुकलं म्हणून आधी घरात बोलणी खाल्लेली, आता गोव्याकडे समुद्री जीवांवर संशोधन करते, नेमकं सॉफ्ट कोरलवर. तिच्याकडून मला होकार हवा होता.

मी सगळं सांगितलं. तिने भुकटीचा रंग विचारून घेतला.

“मॅडम, रागावू नका. दादांनी आणलंय ते पोवळं म्हणजे सांगाडा. चुना आहे तो. आम्ही शोधतो ते मऊ पोवळ्याच्या मांसात. त्याला कठीण कवच नाही, पळून जाता येत नाही, म्हणून मासे खाऊ नयेत यासाठी ते अंगात कडू, विषारी द्रव्यं बनवतं. त्यातली काही प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी मारतात.”

“मग?”

“बशीतल्या पेशी फिनाइलनेही मरतात, मॅडम. माणूस मरू नये आणि कॅन्सर मरावा, हे अवघड आहे. माझ्याकडे इतक्या वर्षांनी बाटलीच्या तळाशी डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढं द्रव्य आहे. त्यासाठीच किती पोवळी लागली. परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि उद्या औषध ठरलं तरी समुद्र खरवडून ते पुरणार नाही, प्रयोगशाळेत बनवता आलं पाहिजे. माझं अजून उंदरापर्यंतही गेलेलं नाही.” मग तिने विचारलं, “तुम्हाला सलाईनमधून काय दिलं होतं?”

“सायटाराबिन.”

“मॅडम!” ती जवळजवळ ओरडली. “अहो, ते समुद्राचंच आहे! एका स्पंजात वेगळीच रसायनं सापडली, त्यांच्या नमुन्यावर ते बनवलंय. समुद्रातून निघून माणसापर्यंत पोचलेलं औषध तुमच्या हाताला लावलेलं होतं, आणि तुम्ही ते सोडून माझ्या बाटलीकडे बघताय?”

स्पंज म्हणजे पोरिफेरा, समुद्राच्या तळाला चिकटून जगणारे सच्छिद्र प्राणी. प्राण्यांच्या यादीतला पहिलाच गट. परीक्षेत एखादा प्रश्न येतो म्हणून मी तो पाव तासात उरकायचे.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. दादा दुधात भुकटी ढवळत होता.

“दादा, मला नांदेडला सोड. आत्ता.”

“का गं? ताप हाय का?”

“नाही. ह्याच्यात औषध नाही. हा सांगाडा आहे. औषध दुसऱ्याच पोवळ्यात, तेही अजून झालेलं नाही. मी बारशाला बोलले ते अर्धंच होतं.”

दादाने चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे लाल झाले, आणि मला वाटलं, आता पुन्हा थोबाडीत बसते.

“मंग बाकीचं कवा सांगणार व्हतीस? तू गेल्यावर?”

मला रडू आलं, आणि त्यालाही. दूध गॅसवर उतू गेलं, ते कुणी पुसलं नाही.

जीपमध्ये मी त्याला बाकीचं सांगितलं. स्पंज काय, बशीतल्या पेशी काय, उंदीर काय. अहमदपूर मागे गेलं, लोहा आलं, दादा मधूनमधून विचारत होता आणि प्रश्न चांगले विचारत होता. माझ्या बॅचमध्ये असता तर पहिल्या बाकावर बसला असता.

डॉक्टर चिडले होते. “मॅडम, उशीर केलात. चला, आधी मॅरो बघू.” त्या निकालाची वाट बघताना दवाखान्याच्या बाकावर मी, हे आणि दादा एका ओळीत बसलो होतो. ह्यांनी माझी शाल नीट केली. इतकी भीती मला भूकंपातही वाटली नव्हती. ब्लास्ट नव्हते. मी नशीबवान होते, शहाणी नव्हते. तुम्ही नशिबावर टाकू नका, सांगितलेल्या दिवशी जा.

पुढच्या तिन्ही फेऱ्या मी घेतल्या. मोठ्या मात्रेत सायटाराबिन डोळ्यांना झोंबतं, म्हणून डोळ्यांत सारखे थेंब घालतात. मेंदूचा तोल जातो का हे बघायला सिस्टर रोज माझ्याकडून माझं नाव लिहून घ्यायच्या आणि स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगायच्या. दार बंदच होतं. मी चालतच राहायचे. पण आता बाटलीतून पडणाऱ्या प्रत्येक थेंबाकडे मी बघायचे. कुठल्या समुद्रात, कुणी बुडी मारून, कशाचा तुकडा वर आणला असेल, आणि त्या तुकड्याचं पुढे काय होईल हे त्याला ठाऊक तरी असेल का, असं मनात यायचं.

आता बरीच वर्षं झाली. डॉक्टर वर्षातून एकदा बोलावतात, तेही माझ्या हट्टाखातर. क्लासमध्ये पोरिफेराला मी दोन तास घेते. संचालक कुरकुरतात, की तेवढे गुण नाहीत त्या धड्याला. कुरकुरू देत.

गेल्या महिन्यात वैशालीचा फोन आला. आवाज बसलेला. तिचं द्रव्य अखेर उंदरांपर्यंत पोचलं होतं आणि उंदरांची यकृतं खराब झाली. काम बंद. “सगळी वर्षं वाया गेली, मॅडम,” म्हणाली.

मी म्हणाले, “वैशाली, माझं एक औषध लागू पडलं, त्याआधी कितीजणांनी अशा बाटल्या धुऊन टाकल्या असतील? त्यांची नावं मला कुणी सांगितली नाहीत. त्यांनी हे लागू पडत नाही, तेही लागू पडत नाही असं सांगत सांगत वाट मोकळी केली म्हणून मी इथे बोलतेय. त्यांना भेटता आलं असतं तर पाया पडले असते. ते तर जमत नाही. तू तरी आहेस.”

ती रडत होती. मी तिला रडू दिलं. फोन कानाशी धरून मी खुर्चीत बसून होते, कुठेही न जाता.

थोड्या वेळाने नाक ओढत ती म्हणाली, “दुसऱ्या एका पोवळ्याचा नमुना आलाय. पण त्याला अजून दहा-बारा वर्षं लागतील, मॅडम.”

“लागू देत,” मी म्हणाले. “मी आहे.”