अळवापर्यंतची पायवाट

आमच्या सोसायटीच्या चेअरमनने आत्याच्या बागेला कुलूप घातलं, तेव्हा मला जो राग आला त्यावर लालबागमधले मसाला कुटायचे सगळे डंके आठवडाभर चालले असते.

बाग म्हणजे इमारतीची मागची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधली चिंचोळी पट्टी. आमची जुनी चाळ पाडून ही सात मजली इमारत उभी राहिली, तेव्हा बिल्डर ती पट्टी विसरला. माझी आत्या विसरली नाही. तिने तिथे कढीपत्ता लावला, गवती चहा लावला, तगर लावली आणि शेवटच्या कोपऱ्यात अळू. ते अळू इतकं माजलं की एका पानाखाली भर पावसात दोन स्कूटर कोरड्या उभ्या राहिल्या असत्या. चेअरमनच्या डोक्यात पार्किंगची कल्पना तिथूनच शिरली असणार.

जुलैत आत्या त्या पट्टीतल्या चिखलात घसरली. हाड मोडलं नाही. कोकणातली जुनी हाडं, मोडायची तर जमीन मोडेल. पण हातात काठी आली. लगेच दुसऱ्या दिवशी मागच्या गेटला कुलूप आलं, ‘ज्येष्ठांच्या सुरक्षिततेसाठी’ अशी पाटी आली, आणि मीटिंगमध्ये ती जागा गाड्यांना द्यायचा ठरावही आला. मी उठलोच.

“ज्येष्ठांची सुरक्षितता? तुमच्या गाडीची म्हणा ना!”

“आवाज खाली,” चेअरमन म्हणाला. “तिथे चालायला धड वाट आहे का? वाट दाखवा, आत्ता कुलूप काढतो.”

“वाट मी करतो!”

“तुम्ही?”

मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, हा खिळा ठोकायला पण माणूस बोलावतो!” अख्खी मीटिंग हसली. हसण्याने ट्यूबलाइट लुकलुकली, इतकी हसली.

“पुढच्या मीटिंगपर्यंत,” चेअरमनने मुदत दिली आणि कामापुरतं गेट उघडायला वॉचमनला सांगितलं. “नाहीतर पार्किंग.”

घरी आलो तर आत्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला नाक लावून खालचं अळू बघत होती. मी छाती काढून बातमी सांगितली. तिने मला वरून खाली बघितलं.

“तू? मेल्या, तुका वरवंटो उचलूक येना नाय.”

खोटं नव्हतं. जन्मभर खुर्चीत बसून फाइली इकडच्या तिकडे केल्या. पण मोबाइल होता. मोबाइलवर एक गोरा माणूस दगडाची पायवाट कशी करावी ते शिकवत होता. त्याच्या बागेत आमची सोसायटी, शेजारची सोसायटी आणि वर एक गणपतीचा मंडप मावला असता. तो कुदळ मारायचा तर खालून केकसारखी माती निघायची. दगड उचलायचा तर खारी बिस्कीट उचलल्यासारखा. मी कुदळ मारली तर ठिणग्या उडाल्या. आमच्या बागेच्या पोटात विटा निघाल्या, फरशीचे तुकडे निघाले, गंजका पाइप निघाला, आणि कुणाचा तरी अर्धा कमोड निघाला. त्या गोऱ्याला एकदा लालबागला आणून हा कमोड उपटायला लावला पाहिजे, असं मी मोठ्याने म्हणालो. वरून आत्या म्हणाली, “तोंडाऐवजी हात चलव.”

दगड मात्र फुकटात होते. चाळ पाडली तेव्हाचं रॅबिट, म्हणजे दगडविटांचा राडारोडा, कंत्राटदार कोपऱ्यात तसंच टाकून गेला होता. त्या ढिगात मला काळे, लांबट, सरळसोट दगड दिसले. दोन हात लांब, दीड वीत रुंद, एकेकाचं वजन दोन चेअरमनएवढं. म्हटलं, देवच पावला! पहारीने एकेक सुटा केला, ढकलत, लोळवत, शिव्या घालत आणला आणि चिखलात आडवा टाकत गेलो. संध्याकाळी पहिल्या दगडावर ऐटीत पाय ठेवला. दगडाचं दुसरं टोक कमरेएवढं वर आलं, मी खाली गेलो आणि पाव किलो चिखल तोंडात.

“जत्रेतलो पाळणो केलंस काय रे?” खिडकीतून.

त्या रात्री मला दगडांविषयी जे वाटलं ते छापण्यासारखं नाही.

मग कळलं की दगड मातीवर टाकायचा नसतो, त्याला गादी करावी लागते. सगळे पुन्हा उचलले. खाली खणलं, खडी पसरली, तिच्यावर दगडाची बारीक कच, आणि मग धुम्मस मारून सगळं ठोकून काढलं. धुम्मस म्हणजे रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात रोवलेला पाइप. प्रत्येक ठोक्याला मी चेअरमनचं नाव घेत होतो, त्यामुळे जमीन अशी बसली की तिच्यावरून रणगाडा गेला असता. दगडावर पाण्याची बाटली आडवी ठेवायची, तिच्यातला बुडबुडा मध्ये येईपर्यंत दगड हलवायचा, कच सारायची, पुन्हा बघायचं. शेवटी तारेच्या ब्रशने दगड घासले. वरचं अंग आरशासारखं गुळगुळीत निघालं. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना चौकोनी खाच होती आणि मधोमध पिवळे, तेलकट डाग होते. डाग काही गेले नाहीत. मला वाटलं, दगडाचा रंगच असेल.

मीटिंगच्या दिवशी सगळी सोसायटी मागे जमली. आदल्या रात्री धो धो पडला होता. माझ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना घोटाभर चिखल, आणि मधून माझे काळेभोर दगड, कोरडे ठणठणीत. चेअरमनने कुलूप काढलं. पुढे झाला. पहिल्या दगडापाशी थबकला आणि बूट-पँटीसकट चिखलात उतरला.

त्याच्या मागून पहिल्या मजल्यावरच्या काकू. त्यांनी साडी वर खोचली आणि भातलावणीला निघाल्यासारख्या चिखलातून चालू लागल्या. त्यांच्या मागून बाकीचे. अख्खी सोसायटी माझ्या वाटेच्या कडेकडेने, एकमेकांचे हात धरून, पचाक पचाक.

“आंधळे झालात काय?” मी ओरडलो. परळपर्यंत ऐकू गेलं असेल. “वाट इथे आहे! इथे!”

कुणी वर बघेना. तिसऱ्या मजल्यावरचे सर तेवढे जवळ होते. दर रविवारी बुद्धविहारात अंधश्रद्धेवर बोलणारा माणूस, तोही चिखलात.

“सर, तुम्ही तरी!”

“अहो, माझा यावर काडीचा विश्वास नाही,” सर कळवळून म्हणाले. “पण उंबऱ्यावर पाय दिला म्हणून लहानपणी तुमच्या आत्याने मला इतक्या वेळा धपाटे घातलेत की पायच उचलत नाही.”

उंबरा! मी खाली बघितलं. टोकांच्या खाचा म्हणजे चौकटीच्या. पिवळे डाग म्हणजे हळद. आमच्या चाळीतल्या एकेका खोलीचा उंबरठा मी ओळीने चिखलात मांडला होता. त्या उंबऱ्यांवरून मी निम्मं आयुष्य ये-जा केली, रोज सकाळी बायकांना त्यांची पूजा करताना बघितलं. पण दारातून सुटून ढिगात पडलेला उंबरा मला ओळखता आला नाही. बाकी सगळ्यांना आला.

“हा आमचा,” काकू म्हणाल्या. “हा बघा, तांब्याचा पैसा ठोकलेला. कशी रे तुझी हिंमत झाली?”

“ठीक आहे,” चेअरमन खुशीत आला. गुडघ्यापर्यंत चिखल उडाला होता, तरी खुशीत. “वाट आहे, पण वापरता येत नाही. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. पार्किंग.”

“मग तुम्ही का उतरलात चिखलात? तुम्ही तर गाडीवाले!”

तो पहिल्या दगडाकडे बघत राहिला. त्या दगडाचा एक कोपरा उडालेला होता.

“हा आमच्या खोलीचा,” तो म्हणाला. “कोपरा मी उडवला. नारळ आपटून. आईने दिवसभर जेवायला दिलं नव्हतं.”

मला त्याची दया यायला लागली, आणि त्याबद्दल मला त्याचा आणखीच राग आला.

तेवढ्यात काठीची टकटक ऐकू आली. आत्या लिफ्टने एकटीच खाली उतरली होती. गेटात उभी राहून तिने दगड बघितले, सगळ्यांचे पाय बघितले, मग मला बघितलं.

“उंबऱ्यांची वाट करतंस? तुझ्या बापाशीन तरी कधी उंबऱ्यार पाय दिल्यान?”

“आत्या, मला कळलं नाही.”

“तुका कधी काय कळता? सगळे पालथे घाल. खालच्या अंगाक कोणी हळद लावूक नाय. पालथो घातलो की दगडच तो.” काकू हरकत घेणार होत्या, आत्याने नुसती काठी उचलली आणि काकू गप्प. मग ती काठी कोपरा उडालेल्या दगडाकडे वळली. “ह्यो मात्र सुलटो ऱ्हवांदे. गेटात आडवो घाल.” आणि चेअरमनकडे वळून अगदी मायेने विचारलं, “काय रे, आवशीच्या उंबऱ्यावरसून गाडी नेतलंस?”

चेअरमनने घसा खाकरला. “काहीतरीच काय, आत्या!”

पार्किंगचा विषय तिथेच संपला. माझं काम संपलं नाही. सगळे दगड मी पुन्हा उपटले, पालथे घातले, पुन्हा बुडबुडा, पुन्हा कच. उंबऱ्याचं खालचं अंग खरबरीत होतं, टाकीचे घाव तसेच राहिलेले. काठी त्यावर पक्की बसायची. वरच्या गुळगुळीत अंगावरून आत्या बहुतेक थेट दादरपर्यंत घसरत गेली असती. हे मला सुचायला हवं होतं, पण मी घासण्यात दंग होतो. काम झालं त्या संध्याकाळी चेअरमनने ग्रुपवर फोटो टाकला: ‘कमिटीच्या अथक प्रयत्नांतून साकारलेली पायवाट.’ माझी कंबर तेव्हा आयोडेक्समध्ये बुडालेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या निघाली. गेटातला उंबरा ओलांडायला तिला पाय बराच उचलावा लागला. मी दंड धरला तर झिडकारून दिलं. दोन दगड नीट चालली. तिसऱ्यावर थांबली.

“ह्यो हलता.”

“नाही हलत. मी लावलाय.”

ती त्या दगडावर दोन्ही पाय रोवून, काठी टेकून, मुद्दाम डोलली. या बाजूला, त्या बाजूला. “हलता.”

मग ती पुढे निघून गेली, अळवापर्यंत, आणि वाकून पानं खुडायला लागली. मी पहार आणायला वर गेलो. जिना चढताना मी काय बोलत होतो, ते सातव्या मजल्यावरच्यांनी ऐकलंय.