न पडलेल्या गावाचा स्टँड
कारळाची चटणी कुटताना वास सुटला की लातूरच्या क्लासमागची आमची मेस आठवते. रविवारची टेस्ट देऊन आम्ही तिघी तिथं एक गोष्ट रचायचो: भूकंप झालाच नाही, आणि आमच्यातल्याच तिसऱ्या मैत्रिणीचं गाव अजून उभं आहे. नियम एकच, एकीनं सांगितलेलं दुसरीनं मोडायचं नाही. लोह्याच्या पोरीनं गावात टॉकीज उघडली, मी अहमदपूरची, मी एसटी स्टँड बांधला. त्या मैत्रिणीची आई खऱ्या भूकंपात गेलेली, म्हणून तिच्या घराकडे गोष्ट न्यायला आम्ही दोघी भ्यायचो. एका रविवारी तिनंच गोष्ट घरात नेली, "आई चटणी कुटायलीय. म्हणती, लातूरला जायचं न्हाई, इथंच शीक." लोह्याची पोर घास खाली ठेवून म्हणाली, "मंग तू आमाला भेटणारच न्हाईस की!" "न्हाई भेटणार," मैत्रीण म्हणाली. काय छाती होती पोरीची! गोष्टीतल्या आईसाठी गोष्टीत क्लास सोडला, आम्हालाही सोडलं, आणि नियमानं आम्हाला ते मोडता येईना. मग तीच हसली. "आगं, स्टँड बांधलाय न्हवं? या की गावाला. आईला लई चटणी करायला सांगते." आजही चटणीचा पहिला घास घेताना मी माझ्या त्या स्टँडवर उतरते आणि तिच्या आईचं घर विचारते.