एकतर वीज, नाहीतर माणूस

बुधवार पेठेत पुस्तकांची अक्षरजुळणी करणाऱ्या ऑफिसात मी मुखपृष्ठं करते. कामं आटत चालली होती. एके दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बाई, इथे सगळ्यांत जुन्या तुम्ही. विजेचं बिल खाली आणा. एकतर वीज कमी होईल, नाहीतर माणूस."

मी हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागले. चहाला उठलं की स्क्रीन बंद. जेवायला उठलं की कॉम्प्युटर बंद. संध्याकाळी प्लगचं बटणसुद्धा. मालक काय म्हणाले ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

प्रुफं तपासणारे काका म्हणाले, "अहो, डोळे मिटून वाचू का? तेवढीच वीज वाचेल."

सगळे हसले. यवतमाळहून आलेली, सर्वांत नवी ऑपरेटर तेवढी हसली नाही. तिचा कॉम्प्युटर जुनाट. "ताई, एकदा बंद केला की सुरू व्हायला लई वेळ लागते. पानांवर पैसे मिळतात मला."

काढलंच तर तिलाच काढतील, हे मला दिसत होतं. आणि तिलाच मी रोज टोकत होते. एका दुपारी तिच्याच टेबलाशी मला रडू फुटलं आणि सगळं बोलून गेले. काका उठले आणि त्यांनी आपला स्क्रीन बंद केला.

त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. बिल खरंच उतरलं. ते घेऊन मी जवळजवळ पळतच केबिनमध्ये गेले.

"छान," मालक म्हणाले. "पण एवढ्याने भागणार नाही. त्या नव्या मुलीला सांगा, महिनाअखेरीनंतर येऊ नकोस."

"अहो, तुम्हीच म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो."

"मग मला काढा."

"भावनेच्या भरात बोलू नका. मुखपृष्ठं कोण करणार?"

तिला मीच सांगितलं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "माझं काम चुकलं का, ताई?"

"नाही गं."

"मग घरी काय सांगू?"

तिच्यासाठी ओळखीच्या प्रत्येक छापखान्यात फोन केले. सगळीकडे एकच उत्तर, आमचीच माणसं कमी करतोय. महिना संपला आणि ती यवतमाळला परत गेली. मी अजून तिथेच मुखपृष्ठं करते. तिला फोन लावायचा धीर होत नाही.