डोळे कोणी काढायचे

सत्तर सालच्या आगेमागे धुळ्यात आमच्या गल्लीतल्या वाचनालयानं उन्हाळ्याच्या सुट्टीत एक उपक्रम काढला. निवृत्त झालेल्या एका ड्रॉइंग सरांच्या हाताखाली पंधरा ते वीस वर्षांच्या पोरापोरींनी चित्रकला शिकायची आणि शेवटी वाचनालयाच्या भिंतीवर मिळून एक मोठं चित्र काढायचं. विषय ठरला, कापूस वेचणाऱ्या बाया. ज्याची रेघ सगळ्यांत बारीक, त्यानं त्या बायांचे डोळे काढायचे. आणि त्याच्यासाठी सर जळगावच्या एका शाळेत चित्रकलेच्या नोकरीकरता शब्द टाकणार होते.

रेघेत माझ्यापुढे एकच मुलगी होती. ती बौद्ध वस्तीतून यायची. वडील नव्हते, आई शेतमजुरीला जायची. ती नोकरी तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त हवी होती, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं.

बारीक ब्रश सगळ्यांत मिळून एकच होता. सरांची रीत अशी, की ब्रश डब्यातल्या पाण्यात खळबळायचा आणि ओठांत धरून त्याचं टोक काढायचं. त्याशिवाय केसासारखी रेघ येत नाही. सगळे तसंच करत. एका सकाळी तिनं आपलं काम संपवून ब्रश माझ्या हातात दिला. मी उठले, मागच्या नळावर गेले आणि साबण लावून तो धुतला. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी तर 'आम्ही असलं काही पाळत नाही' हे पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवलं जायचं. माझे पाय मात्र आपोआप नळाकडे वळले. मागे पाहते तर ती दारात उभी, डब्यात पाणी भरायला आलेली. तिनं डबा भरला आणि गेली.

त्या दिवसापासून तिनं ब्रशला ओठ लावणं सोडलं. बोटांनी टोक काढायची. रेघ जाड येऊ लागली तसे सर कातावले.

"ओठ का लावत नाहीस?"

"नको वाटतं सर," ती म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मी शेजारीच बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं, पण मी तोंडात मिठाची गुळणी धरली. सरांनी डोळ्यांचं काम मला दिलं. त्यांच्या शब्दावर पुढे जळगावची नोकरीही मलाच लागली, आणि ती मी निवृत्त होईपर्यंत केली. खरं सांगायचं तर डोळे मला मिळाले तेव्हा लाजेच्या आधी आनंद झाला होता. आज त्या आनंदाचीच जास्त लाज वाटते.

चित्र पुरं झालं त्या संध्याकाळी सगळ्यांच्या घरची माणसं बघायला आली. तीही आईला घेऊन आली. आई कामावरून तशीच आलेली, भिंतीपुढे बराच वेळ उभी राहिली. मग डोळे कुणी काढले, असं तिनं लेकीला विचारलं. लेकीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"कितला भारी डोया काढात वं माय," आई मला म्हणाली. "मन्ही पोरले बी जरासं शिकाड ना. ती म्हने, माले जमनं नही."

लेक तिच्या शेजारीच उभी होती.

"शिकवीन की," मी म्हणाले.